१४ एप्रिलचे आणखी एक स्मरण

१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. याच दिवशी, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके व कापूस घेऊन आलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. ती विझवताना झालेल्या स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. म्हणूनच हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आगीत शिरणारा जवान आत अडकलेल्याची जात विचारत नाही. बंधुता ती हीच. मात्र हारतुऱ्यांनी हे ऋण फिटणारे नाही. सांडोरमधल्या वाटा बंबासाठी मोकळ्या ठेवणे आणि वसतिगृहातील प्रत्येक मुलाला अग्निशामक नळकांडे हाताळायला शिकवणे, हीच खरी आदरांजली. येत्या जयंतीपासून आपल्या शाळेने हा पाठ सुरू करावा.