कागदावरचा कणा

आपल्याकडे बहुतेक घरांत आजही तान्ह्या बाळाला पायांवर पालथे घेऊन न्हाऊ घातले जाते. आजीचा तेलाचा तळवा त्या इवल्याशा पाठीवरून रोज फिरत असतो, आणि म्हणूनच पाठीतला बदल पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी तिच्याच हाताला कळतो. डावीकडच्या बरगड्या किंचित वर आल्यासारख्या लागतात, कण्याची रेघ मध्येच वळलेली दिसते. अशा सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन एखादे कुटुंब अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाते, असे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. एक्स-रेमध्ये कणा डाव्या बाजूस झुकलेला आढळतो. मणके मात्र सगळे नीट घडलेले असतात. डॉक्टर धीर देतात आणि घाईत केसपेपरवर दोन शब्द लिहितात : ‘जन्मजात स्कोलिओसिस’.

येथूनच घोटाळ्यास आरंभ होतो. कारण रुग्णालयातील नोंदणी विभागाचा कर्मचारी बाळाला पाहत नाही, तो कागद पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, प्रत्येक निदानाला एक संकेतांक असतो. वयाच्या तीन वर्षांच्या आत दिसून आलेल्या आणि कोणतेही कारण न सापडलेल्या बाकास एम ४१.० हा संकेतांक आहे. मणकेच गर्भात सदोष घडले असतील, एखादा मणका अर्धाच तयार झाला असेल, तर क्यू ७६.३. आणि ‘जन्मजात’ एवढाच शब्द लिहून पुढे काहीच तपशील दिला नसेल, तर क्यू ६७.५. ‘एम’ हे अक्षर स्नायू व अस्थींच्या विकारांचे, ‘क्यू’ हे जन्मजात व्यंगांचे. उदाहरणातील बाळाचा खरा संकेतांक एम ४१.०, कागदावरील शब्दामुळे त्याच्या वाट्याला येतो क्यू ६७.५.

एवढ्याने काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. आरोग्य विम्याच्या दाव्यासाठी रुग्णालय जो अर्ज भरते, त्यात निदानाबरोबर हा संकेतांकही लिहावा लागतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या व्याख्येनुसार जन्मजात व्यंगाचे दोन प्रकार आहेत : शरीराच्या दिसणाऱ्या भागातील ते बाह्य, न दिसणाऱ्या भागातील ते आंतरिक. अनेक पॉलिसींत बाह्य व्यंगाचा खर्च वगळलेला असतो. ‘क्यू’ अक्षर दिसताच दावा तपासणाऱ्याला शंका येते आणि पालकांच्या हाती नकाराचे पत्र पडते.

पैशाहून मोठा प्रश्न उपचाराचा आहे. कारण न सापडलेल्या शिशुवयातील बाकांपैकी पुष्कळसे आपोआप सरळ होतात. काही मात्र झपाट्याने वाढतात आणि फुप्फुसांच्या वाढीलाच आडवे येतात. यांतला कोणता कोणत्या वाटेने जाईल, हे ओळखण्याची रीत इंग्लंडमधील अस्थिशल्यविशारद मिन मेहता यांनी १९७२ साली मांडली. बाकाच्या शिखरावरील मणक्याशी दोन्ही बाजूंच्या बरगड्या जो कोन करतात, त्यांतील फरक मोजायचा. तो २० अंशांहून कमी असल्यास बाक बहुधा निवळतो, अधिक असल्यास वाढण्याची भीती असते. वाढणाऱ्या बाकासाठी त्यांनी ठरावीक अंतराने बदलत जाणारे प्लास्टर वापरले. २००५ साली त्यांनी १३६ मुलांचे अनुभव प्रसिद्ध केले. सरासरी एक वर्ष सात महिने वयात उपचारास आलेल्या ९४ मुलांचा कणा सरळ झाला. सरासरी अडीच वर्षांच्या वयात आलेल्या ४२ मुलांचा बाक कमी करता आला, पुरता घालवता आला नाही. अंतर अवघे अकरा महिन्यांचे! ज्या कुटुंबाचे काही महिने विमा कार्यालयाच्या पत्रव्यवहारात जातात, त्याने काय गमावलेले असते, हे या आकड्यांवरून उमजावे.

मग ‘जन्मजात’ हा शब्द सरसकट खोडावा काय? मुळीच नाही. मणका खरोखर सदोष असेल तर तो शब्द असलाच पाहिजे, कारण अशा बाळांत मूत्रपिंड व हृदयाचे दोषही सोबत आढळतात आणि त्यांची तपासणी त्या एका शब्दावरूनच सुचते. दावा मंजूर व्हावा म्हणून डॉक्टरांना निदान बदलून मागणे हा तर उघड दोष. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा एक अतिचार सांगितला आहे. रुग्णालयाचा कागद त्यातून सुटत नाही. मागायची ती दुरुस्ती, सोयीचे निदान नव्हे.

ती मागण्याचा मार्गही सरळ आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने वा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. त्या हाती आल्यावर पालकांनी पाहावे : बाक प्रथम कोणत्या वयात दिसला, तो कोणत्या बाजूस व पाठीच्या कोणत्या भागात आहे, किती अंशांचा आहे, मणक्यांच्या घडणीविषयी स्पष्ट वाक्य आहे की नाही, मज्जासंस्थेची तपासणी नोंदलेली आहे की नाही. यांतले मणक्यांविषयीचे वाक्यच बहुधा गाळलेले असते, आणि सारा निवाडा तर त्याच्यावरच असतो. उणीव आढळल्यास ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच भरून काढायची. नोंदणी कर्मचाऱ्याने अंदाजाने संकेतांक बदलणे योग्य नव्हे. जुनी ओळ गिरवून वा खोडून टाकायची नाही. खाली नवी नोंद, तारीख आणि सही.

उदाहरणातील कुटुंबाला एवढे साधले, तर डॉक्टर ‘मणक्यांची घडण प्राकृत, कारण अज्ञात’ ही ओळ लिहितील, संकेतांक एम ४१.० होईल आणि दावा नव्या कागदांसह पुन्हा जाईल. तोवर पुढील एक्स-रेची तारीख मात्र चुकवायची नाही. विम्याचे उत्तर येवो वा न येवो, बाळाचा कणा वाढतच असतो.