जुनी चिठ्ठी, नवी गोळी

अल्प्राझोलम हे औषध वाईट नाही. वाईट आहे ती जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने ते घेत राहण्याची आपली रीत. घबराटीच्या झटक्यात ही गोळी तासाभरात आराम देते, आणि नेमका तोच तिचा धोका आहे. रोज घेतल्यास काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय लागू शकते. मग ती एकाएकी थांबवली की झोप उडते, हात थरथरतात, घबराट उसळून परतते. कधी फिटही येते. रुग्णाला वाटते आजार बळावला, म्हणून तो पुन्हा गोळीकडेच वळतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये अल्प्राझोलम ज्या गटात मोडते त्या गटातल्या सगळ्याच औषधांवर अवलंबित्वाचा ठळक इशारा छापायला लावला. दारूसोबत ही गोळी श्वास मंदावू शकते. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, विसराळूपणा वाढतो, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात.

आपल्याकडे २०१४ पासून हे औषध चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या एच-१ अनुसूचीत आहे. प्रत्येक विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती ३ वर्षे जपायची असते. कडक नियमांनी खऱ्या रुग्णाचेच हाल होतात, तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ असतो कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर चिठ्ठीविना गोळी हा उतारा नव्हे. मात्रा हळूहळू उतरवण्याचे वेळापत्रक नेहमीचे डॉक्टरही आखू शकतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे. तेव्हा गोळी सुरू होतानाच ‘बंद कधी आणि कशी करायची?’ हे डॉक्टरांना विचारा. आधीपासून घेत असाल, तर मनानेच थांबवू नका.