मातीचा नकाशा शेताच्या बांधापर्यंत आला पाहिजे

माती न पाहता रूळ टाकता येत नाही, हे आम्ही रेल्वे कामगार जाणतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि रुळाची पातळी बिघडते. म्हणून तेथे खडीखाली भरड मालाचा थर द्यावा लागतो. मग ज्या जमिनीवर देशाचे पोट अवलंबून आहे, तिच्यात माती न पाहता खत टाकायचे, हा कुठला न्याय?

मातीचे नकाशे नाहीत असे नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने राज्यवार नकाशे केले, ते १:२,५०,००० या प्रमाणावर. त्यातील एका चौरस सेंटिमीटरात ६२५ हेक्टर जमीन मावते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी खातेदाराकडे आहे १.०८ हेक्टर. राज्याच्या नियोजनाला हा नकाशा उपयोगी आहे. शेतकऱ्याला मात्र त्यात आपले शेत सापडणार नाही.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. नत्र, स्फुरद, पालाशसह बारा बाबींची तपासणी ठरली. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु नमुना ठरला बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक आणि जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक. म्हणजे टेकाडावरची मुरमाड जमीन आणि ओढ्याकाठची काळी कसदार जमीन एकाच निष्कर्षात!

युरियाची किंमत सरकारने बांधलेली आहे. स्फुरद-पालाशच्या खतांची तशी नाही. शेताची नेमकी माहिती नसली की शेतकरी स्वस्त गोणीकडेच वळणार. खर्च वाढतो, जमिनीचा कस जातो आणि त्याचा मुलगा गाव सोडून ठेकेदाराच्या दारात उभा राहतो. म्हणून हा प्रश्न कामगार चळवळीचाही आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक गावाचा नकाशा १:१०,००० प्रमाणावर करा. त्यात एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर. कर्नाटकात सुजला-३ प्रकल्पात सर्व्हे नंबरनिहाय असे काम झाले आहे, तेव्हा ते अशक्य नाही. मातीची खोली, उतार आणि ओल धरण्याची ताकद दाखवणारा हा नकाशा स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत लावा. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांत कायम, प्रशिक्षित कर्मचारी नेमा.

कार्यालयाच्या कपाटातील नकाशाने शेत पिकत नाही. तो बांधावर आणण्यासाठी कामगार-शेतकऱ्यांनी एकत्र आवाज उठवावा, असे आमचे आवाहन आहे.