कातळावरची वही

वरूडहून मोर्शीमार्गे मुक्तागिरीच्या दर्शनास निघालेली कुटुंबे उजव्या हातास सातपुड्याची निळसर रांग पाहतच प्रवास करतात. त्याच रांगेत, मोर्शी तालुक्यातील धारूळ गावाच्या उत्तरेस, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत आदिमानवाने रंगविलेले शैलाश्रय आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

२७ जानेवारी २००७ रोजी अमरावतीचे डॉ. विजय इंगोले व त्यांच्या सहकाऱ्यांना येथील चित्रे प्रथम आढळली. जवळच्या अंबादेवी गुंफामंदिरावरून या स्थळास नाव मिळाले. येथील मानवी वस्ती सुमारे २५,००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे जात असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यापूर्वी अर्धशतक, १९५७ मध्ये, डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी भीमबेटका उजेडात आणले. २००३ मध्ये ते जागतिक वारसा ठरले.

अशी चित्रे पाहण्यासाठी लोक दक्षिण आफ्रिकेतील ड्रॅकेन्सबर्ग, बोट्सवानातील त्सोडिलो आणि नामिबियाच्या वाळवंटापर्यंत मोटारीने शेकडो किलोमीटर जातात. नामिबियातील ब्रांडबर्ग पर्वतात ‘श्वेत स्त्री’ नावाचे एक प्रसिद्ध चित्र आहे. रंग क्षणभर उजळ दिसावेत म्हणून प्रवासी वर्षानुवर्षे त्यावर पाणी शिंपडत राहिले आणि चित्र फिके पडत गेले. हेतू वाईट नव्हता. हानी मात्र भरून येणारी नव्हती.

व्यापाऱ्याच्या पेढीवर आजोबांच्या हातची रोजमेळाची वही कोणी ओली करीत नाही, तिच्यावर आपले नाव गिरवीत नाही. कातळावरची ही वही तर साऱ्या मानवकुळाची आहे आणि तिची दुसरी प्रत नाही. तीर्थक्षेत्री आशातना होऊ नये म्हणून जे कुटुंब पायातील वहाणाही दूर ठेवते, त्यातीलच एखादा मुलगा डोंगरात गेल्यावर खडूने वा कोळशाने नाव लिहितो, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला थांबविले पाहिजे.

तेथे जायचे तर स्थानिक माहितगारास सोबत घ्यावे. चित्रांस हात लावू नये, जवळ चूल पेटवू नये, कचरा परत आणावा. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने ते चित्रांवर शिंपडू नये, हे निराळे सांगण्याची गरज नसावी. चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना यत्ना राखावी, ही शिकवण केवळ मंदिराच्या उंबरठ्यापुरती नाही. ती डोंगरातील निर्जन कपारीतही तितकीच लागू आहे.