ऐकू येते, पण कुठून?

श्रवणयंत्र वापरणाऱ्या अनेकांची एक तक्रार केवळ आवाज वाढवून दूर होत नाही. हॉर्न ऐकू येतो. पण तो डावीकडून आला की उजवीकडून, हे उमगत नाही. रस्ता ओलांडताना ही उणीव जिवावर बेतू शकते.

दिशा ओळखण्यासाठी मेंदू दोन कानांची तुलना करतो. एका बाजूचा आवाज पलीकडच्या कानापर्यंत पोहोचण्यास फार तर सुमारे ६५० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा जेमतेम दीड हजारावा भाग, उशीर होतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे तेथे तो क्षीण होतो. इतका सूक्ष्म कालभेद कसा मोजला जातो, याची उपपत्ती लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये मांडली. दोन्ही कानांचे संदेश कमी-अधिक लांबीच्या वाटांनी येतात आणि ज्या चेतापेशीवर ते एकाच क्षणी पोहोचतात, ती दिशा सांगते. पुढे कॅथरीन कार आणि मासाकाझु कोनिशी यांना अंधारात उंदीर टिपणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या मेंदूत अशीच रचना आढळली. सस्तन प्राण्यांत ती जशीच्या तशी असते काय, याबद्दल मात्र मतभेद आहेत.

हीच कल्पना इलेक्ट्रॉनिक्सने उचलली. कॅलटेकमध्ये रिचर्ड लायन व कार्व्हर मीड यांनी १९८८ मध्ये सिलिकॉनचा अंतर्कर्ण मांडला. दुसऱ्याच वर्षी जॉन लाझारो व मीड यांनी घुबडाच्या धर्तीवर दिशा शोधणारी चिप सादर केली. २०१९ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात सप्तर्षी दास यांच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ट्रान्झिस्टर वापरून याच तत्त्वावरील उपकरण दाखवले. अशा मंडलांचे खरे आकर्षण विजेच्या काटकसरीत आहे आणि श्रवणयंत्राच्या चिमुकल्या बॅटरीला तीच मोलाची.

तथापि, दिशा चिपला कळणे आणि ती माणसाला कळणे यांत अंतर आहे. दोन यंत्रे आपापल्या परीने आवाज कमी-जास्त करू लागली, की दोन कानांतील पातळीचा नैसर्गिक फरकच पुसट होतो. म्हणून दोन्ही यंत्रांनी बिनतारी संपर्काद्वारे एकमेकांशी मेळ राखावा लागतो. काही यंत्रांत ही सोय आहे. परंतु दोन्ही कान अधू असूनही खर्चापायी एकाच कानाला यंत्र लावणाऱ्यास तिचा लाभ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना श्रवणदोषावरील उपचार व पुनर्वसनाची गरज आहे. घुबडाचे अनुकरण करणारी चिप उद्या खिशाला परवडेलही. तोवर दुसऱ्या कानाचे यंत्र ही चैन न मानता गरज मानणे, एवढे तरी धोरणकर्त्यांच्या हाती आहे.