शिकाऊ पशुवैद्य आणि उशिरा येणारे जनावर

पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विद्यार्थी पुढे झाला की पुष्कळ शेतकरी बंधू जनावराचे दावे घट्ट धरतात. 'शिकायला आमचीच गाय सापडली काय?' ही शंका स्वाभाविक असली तरी रास्त नव्हे. विद्यार्थ्याशेजारी अध्यापक उभा असतो, आणि साडेपाच वर्षांच्या या अभ्यासक्रमातील अखेरचे एक वर्ष तर प्रत्यक्ष कामासाठीच राखलेले असते. परळचे महाविद्यालय १८८६ मध्ये व नागपूरचे १९५८ मध्ये निघाले. २००० पासून पशु व मत्स्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ नागपुरास आहे. उणीव आहे ती वेळेवर येणाऱ्या रुग्णाची.

तारखिळ्याचेच उदाहरण घ्या. गाय चारा अर्धवट चावून गिळते; त्यातील तारेचा तुकडा पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो. तेथून हृदय अगदी जवळ. कप्पा आकसला की टोक पुढे सरकते. जनावर खाणे टाकते, पाठ कमानीसारखी करते, उतारावर कण्हते. या अवस्थेत पोट उघडून तार काढता येते. गळ्याखाली व छातीपुढे सूज उतरल्यावर मात्र आशा थोडी. गावठी उपायांत आठवडा घालवून आणलेली गाय विद्यार्थी पाहतो, तो रोगाचा शेवट. उद्या आपल्याच तालुक्यात नेमणूक झाल्यावर त्याने आरंभ ओळखावा तरी कसा?

मेलेल्या जनावराविषयीही तसेच. शवविच्छेदनास नकार दिला की रोग गोठ्यातच राहतो. (अकस्मात मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर फाशीचा संशय घ्यावा. असे शव उघडू नये, कातडेही काढू नये. दवाखान्यास तात्काळ कळवावे. हा रोग माणसासही होतो.)

दोष एका बाजूचा नाही. आजारी बैल टेंपोत घालून दूर नेणे गरिबास परवडत नाही; म्हणून महाविद्यालयाचा फिरता दवाखाना ठरल्या वारी गावात आलाच पाहिजे, नव्या इमारतीहून त्याची निकड अधिक. आणि संशोधनासाठी रक्ताचे नमुने नेले, तर त्यांचा निष्कर्ष त्या गावास मराठीत कळविणे हे संशोधकाचे कर्तव्य मानावे.

ग्रामसेवकांनी जनावर पाठविताना सोबत चिठ्ठी द्यावी : खाणे केव्हा सुटले, चारा कोणता, लस कधी टोचली, आणि आधी कोणते औषध पाजले. शेवटची गोष्ट शेतकरी संकोचाने सांगत नाही. ती खोदून विचारावी.