घर आणि हिशेब : लॅपटॉपच्या तीन किमती

गेल्या महिन्यात नंदुरबारच्या मिरची बाजारात काम करणारे आमचे एक शेजारी घरी आले. मुलीला कॉम्प्युटर डिप्लोमाला प्रवेश मिळालेला, मुलीच्या अम्मीच्या भिशीचे ४५ हजार हातात, आणि सुरतच्या एका दुकानातून लिहून आणलेला कागद खिशात. कागदावर तीन ओळी होत्या. आय-३, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी : ३९ हजार. आय-५, १६ जीबी, ५१२ जीबी : ५४ हजार. आय-७, १६ जीबी, १ टीबी : ७३ हजार.

“मास्तर, मधलाच घेतो म्हणतो. उरलेले ९ हजार हप्त्याने देऊ. पोरीची जात म्हणून बापाने स्वस्तातलं घेतलं, असं कोणी म्हणायला नको.”

या वाक्यातली माया आम्हाला कळली. पण हिशेब चुकत होता.

तीन दर्जे समोर ठेवले की माणसाचा हात आपोआप मधल्यावर जातो. वरचा परवडत नाही, खालचा घ्यायला संकोच वाटतो. दुकानदाराला हे ठाऊक असते. म्हणून पूर्ण किंमत न पाहता दोन दर्जांमधला फरक पाहावा आणि त्या फरकात काय काय मिळते ते वेगवेगळे लिहावे. इथे फरक १५ हजारांचा. त्यात ८ जीबी रॅम जास्त आणि प्रोसेसर एक पायरी वरचा. आम्ही गावातल्या दुरुस्तीवाल्याला विचारले. पहिल्या मॉडेलमध्ये रॅमची एक जागा रिकामी होती, आणि ८ जीबीची पट्टी तो बसवून ४,५०० रुपयांत देणार होता. म्हणजे उरलेले साडेदहा हजार केवळ प्रोसेसरचे. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या, असाइनमेंट लिहिणाऱ्या मुलीला नव्या पिढीचा आय-३ पुरतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी डिझाइन शिकायचे असते, तर आम्हीच आय-५ घ्या म्हटले असते.

शेजारी हसले. म्हणाले, “ओल्या मिरचीच्या वजनात पाणी किती, ते आम्ही पथारीवर टाकायच्या आधीच बघतो. इथे बघायचं राहिलं.”

रिकामी जागा आहे का, हा प्रश्न मात्र विसरू नये. आम्ही तो एकदा विसरलो होतो. मुलासाठी ४ जीबीचा लॅपटॉप घेतला, पुढे वाढवू म्हणून. उघडल्यावर कळले की रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आहे. दोन वर्षांत तो लॅपटॉप कपाटात गेला.

आपल्याला हवे तसे मशीन बनवून घेण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत मायकेल डेल या विद्यार्थ्याने १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात शिकत असतानाच कंपनी सुरू केली आणि पुढे ग्राहकाच्या मागणीप्रमाणे कॉम्प्युटर जुळवून देऊन ती मोठी केली. पण वाढीव भागाची किंमत म्हणजे त्या भागाचा बाजारभाव नव्हे. ॲपलचा एम-वन मॅकबुक एअर २०२० मध्ये भारतात ९२,९०० रुपयांपासून होता आणि ८ ऐवजी १६ जीबी मेमरी मागितली की २० हजार जास्त पडत. तीही नंतर वाढवता येत नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने एम-टू आणि एम-थ्री एअरच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये किंमत न वाढवता १६ जीबी दिली.

आता हप्त्याचे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे व्याज नाही, असे आपल्यातले बरेच लोक समजतात. सहसा असे होते की बँक व्याज लावतेच. तेवढी सूट दुकान किंवा कंपनी आधी देते. क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकालाच भरावा लागतो, आणि पुष्कळदा प्रोसेसिंग फी वेगळी. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या घराने हे समजून घ्यावे. मसला आलिम साहेबांना विचारावा. पण विचारताना पूर्ण व्यवहार सांगावा, नुसते जाहिरातीतले नाव नव्हे.

ज्यांचे बजेट याहून कमी आहे ते जुना लॅपटॉप पाहतात. त्यात ऐब नाही, फक्त ‘आय-७ आहे’ या शब्दावर भुलू नये. त्यापुढचा आकडा वाचावा. आय-५-८२५०यू मधला ८ म्हणजे आठवी पिढी. विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर मान्य आहेत आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सहाव्या पिढीच्या आय-७ पेक्षा बाराव्या पिढीचा आय-३ विद्यार्थ्याला जास्त उपयोगी.

हे सारे बोलणे चालू असताना मुलगी दारात उभी होती. तिला विचारले, “बेटा, तुला कोणता हवा?” तिने वहीतले एक पान अब्बांपुढे ठेवले. त्यावर हॉस्टेलच्या मेसचा महिन्याचा खर्च आणि एसटीचे भाडे लिहिलेले. म्हणाली, “अब्बा, मला स्वस्तातलं मिळालं असं मी कुणाला सांगणार नाही. पण पैसे संपले म्हणून मधेच घरी यावं लागलं, तर ते सगळ्यांना दिसेल.”

शेजारी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पहिल्या दर्जाचा लॅपटॉप पक्क्या बिलावर घेतला. वॉरंटीवर परिणाम होणार नाही ना, हे कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून मग रॅमची पट्टी बसवली. एकूण ४३,५०० रुपये. हप्ता नाही. दीड हजार उरले, ते अम्मीने मेसच्या पाकिटात ठेवले.

वाचक बंधू-भगिनींनो, दुकानात जाण्याआधी आपल्या मुलामुलींना एकदा विचारा. त्यांच्याकडेही एखादे पान असेल.